५० पिल्लांसाठी घरगुती ब्रूडर: कोकणातल्या दमट हवेत ऊब द्यायची रीत

किनारपट्टीवर कोंबडीची पिल्लं दगावण्याची तक्रार बहुतेक एकाच क्रमाने येते. खोक्यात बल्ब लावला, वारा लागू नये म्हणून चारी बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलं, पहिले दोन दिवस पिल्लं टुणटुणीत होती आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मान टाकायला लागली. दोष हॅचरीला (अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या केंद्राला) दिला जातो. बऱ्याचदा कारण त्या बंद खोक्यातच असतं. श्वासाची, विष्ठेची आणि सांडलेल्या पाण्याची वाफ आत कोंडते, तूस ओलं होतं, पिल्लांची लव भिजते. भिजलेल्या पिल्लाला आणखी एक बल्ब लावून ऊब मिळत नाही.

घाटावर कोरडी थंडी असते, तिथे बंदोबस्त थंडीचा करायचा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटा आणि पावसाळ्यातल्या रात्री सोडल्या तर थंडी बेताची, ओल मात्र बारमाही. म्हणून इथला ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याची बंदिस्त जागा, वरून मोकळा, खालून कोरडा आणि मध्यभागी उबदार हवा.

पुढची मापं एक दिवसाच्या ५० पिल्लांसाठी आहेत. गावठी, गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कशालाही चालतील. क्रम मोडू नका. पिल्लांची तारीख घेण्याआधी ब्रूडर उभा राहून एक पूर्ण दिवस चाललेला असला पाहिजे. पिल्लं दारात आल्यावर वायरमन शोधणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

लागणारं सामान

- १८ फूट लांब, दीड फूट रुंद गॅल्व्हनाइज्ड पत्रा (कड्यासाठी)
- ३० इंची चौकोनी पत्र्याचा तुकडा (छत्रीसाठी)
- ६० वॅटचे तारेचे पिवळे बल्ब ३, वर ३ सुटे; चिनी मातीचे होल्डर ३
- तीन पदरी तांब्याची वायर, १ चौरस मिलिमीटर. ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच). ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच)
- २३० व्होल्टवर चालणारा एसटीसी-१००० थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला बल्ब लावणारं-बंद करणारं यंत्र), सेन्सरसकट
- साधे थर्मामीटर २
- अर्धा इंची गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी. ३ बाय ६ फुटांच्या दोन लाकडी चौकटी
- भाताचं तूस, ३ मोठ्या गोणी
- २ लिटरची पाण्याची भांडी २, पिल्लांची खाद्यभांडी २
- साखळी, जाड जीआय (गॅल्व्हनाइज्ड) तार, विटा, ताडपत्री

एलईडी बल्ब उजेड भरपूर देतो, पण ऊब देत नाही. ९ वॅटचा एलईडी लावून "६० वॅटइतका आहे" असं समजणाऱ्यांची पिल्लं गारठतात. तारेचे बल्ब मिळाले नाहीत तर १०० वॅटचे चिनी मातीचे हीटर बल्ब दोन घ्या. त्यांना आट्यांचे होल्डर लागतात आणि त्यांचा उजेड पडत नाही, म्हणून सोबत एक लहान एलईडी लावावा लागेल.

टप्पा १: जागा

पडवी, मांगर किंवा गोठ्याचा रिकामा भाग चालतो. नैऋत्येकडून पावसाची झड येणार नाही आणि पूर्वेकडून सकाळचा उजेड येईल अशी बाजू धरा. छपरातून एक थेंबही गळता कामा नये. तापलेल्या बल्बच्या काचेवर गार थेंब पडला तर काच तडकते आणि तुकडे पिल्लांवर येतात. कौलं फिरवून घ्यायची असतील तर आताच घ्या.

मोठ्या कोंबड्या जिथे बसतात तिथून जागा लांब हवी. निदान वेगळ्या खोलीत तरी. त्यांच्या अंगावरचे गोचीड-पिसवा आणि विष्ठेतले जंतू पिल्लांपर्यंत पोहोचायला तुमच्या चपलाही पुरतात.

तपासणी: भर दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा, जमिनीपासून वीतभर उंचीवर उदबत्ती धरा. धूर सरळ वर जाऊन सावकाश पांगला तर जागा ठीक. आडवा पळाला तर झोत आहे, तो अडवा. जागेवरच घुटमळत राहिला तर हवा कोंडलेली आहे, वरची एखादी खिडकी किंवा झरोका उघडा.

टप्पा २: जमीन आणि तूस

जांभ्याची आणि सारवलेली जमीन ओल वर खेचते. त्यावर थेट तूस पसरलं की वरून कोरडं दिसतं, पण हात खाली घातला की गार लागतं. म्हणून आधी विटांचा एक थर, त्यावर फळ्या किंवा प्लायवूड, त्यावर ताडपत्री. कोबा किंवा फरशी असेल तर नुसती ताडपत्री पुरे. जमीन व आसपासच्या भिंती धुऊन चुना मारा आणि पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात वाळायला आठवडाही लागतो, तो आधीच हिशेबात धरा.

गिरणीतून तूस आणताना मूठभर हातात घेऊन बघा. अख्ख्या टरफलांचं, हलकं, फिकट पिवळं तूस हवं. बारीक कोंडा मिसळलेलं नको. पिल्लं तो खातात, पोटं भरल्यासारखी होतात, आणि कोंड्याला बुरशीही लवकर धरते. कुबट वास येत असेल तर ती गोण परत करा. बुरशीची बीजं श्वासातून फुप्फुसात जातात आणि पिल्लं चोच उघडून धापा टाकत मरतात, त्यावर घरगुती इलाज नाही.

तूस दोन दिवस कडक उन्हात वाळवून २ इंच जाडीने पसरा. पावसाळ्यातल्या पिल्लांसाठी ते मे महिन्यातच वाळवून, बंद पिंपात भरून ठेवावं. उरलेलं तूस बदलण्यासाठी हाताशी लागतंच.

टप्पा ३: गोल कडं

पत्र्याची १८ फुटी पट्टी गोल उभी करून टोकं एकमेकांवर सरकवा आणि दोन ठिकाणी क्लॅम्पने धरा. सुरुवातीला व्यास ४ फूट ठेवा. त्यात प्रत्येक पिल्लाला साधारण पाव चौरस फूट जागा मिळते. पहिल्या आठवड्यानंतर थोडं थोडं सैल करत तिसऱ्या आठवड्यापर्यंत साडेपाच फुटांपर्यंत न्या, म्हणजे प्रत्येकाला जवळपास अर्धा चौरस फूट.

चौकोनी खोकं सोपं वाटतं, पण कोपऱ्यात पिल्लं एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. खोकंच वापरायचं असेल तर चारही कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून गोलाई द्या. पुठ्ठ्याचं अख्खं कडं मात्र इथल्या हवेत आठवड्याभरात मऊ पडतं.

पत्र्याची कापलेली कड वर ठेवू नका. ती दुमडून घ्या किंवा फाडलेला पाइप तिच्यावर चढवा.

टप्पा ४: छत्री आणि बल्ब

छत्रीमुळे ऊब खाली राहते. ३० इंच व्यासाचा गोल कापा. कडेपासून मध्यापर्यंत एक सरळ चीर द्या. कडेवर मोजून १९ इंच पत्रा एकमेकांवर सरकवा आणि रिवेट मारा. २४ इंच व्यासाची, ९ इंच उंच छत्री होते. टोकाजवळ अर्ध्या इंचाची चार भोकं पाडा. दमट गरम हवा तिथून निघून जाते. ही भोकं "ऊब वाया जाते" म्हणून बुजवणारे लोक आहेत, बुजवू नका.

छत्रीच्या आत, कडेपासून ३ इंच वर, १६ इंचांची लोखंडी पट्टी आडवी बसवा आणि तिच्यावर तिन्ही होल्डर ५-५ इंचांवर स्क्रूने आवळा. बल्ब लावल्यावर खालून जाळीचा पिंजरा बांधा, म्हणजे छत्री कधी खाली आलीच तर काच तुसाला टेकणार नाही.

एकच मोठा बल्ब कधीही नको. रात्री तो गेला तर सकाळपर्यंत सगळी पिल्लं संपतात. आपल्याकडे प्रत्येक पिल्लामागे २ वॅट साधारण पुरतात, पावसाळी किंवा थंडीतल्या रात्री ३ पर्यंत लागतात. ६० वॅटचे तीन म्हणजे १८० वॅट, ५० पिल्लांना सगळ्या हंगामांत पुरे. २५० वॅटचा तांबडा इन्फ्रारेड बल्ब एवढ्या लहान कड्यात लावू नका. पिल्लांना पळून जायला गार जागाच उरत नाही.

छत्री वाशाला साखळीने टांगा. साखळीखेरीज दुसरी, थोडी सैल जीआय तार स्वतंत्रपणे बांधा. एक तुटली तरी दुसरी धरेल. वायरीवर कधीही वजन घेऊ नका. सुरुवातीला बल्बचं खालचं टोक तुसापासून १६ इंचांवर ठेवा. नेमकी उंची चाचणीत ठरेल.

इशारा: प्लॅस्टिकचे होल्डर तापून मऊ पडतात आणि बल्ब सोडून देतात. सुतळी करपते. टोपली किंवा डालगं उलटं टांगून त्यात बल्ब लावण्याची पद्धत अजून दिसते, खाली कोरडं तूस असताना ती थेट आगीची तयारी आहे.

टप्पा ५: वीज, थर्मोस्टॅट, सेन्सर

जोडणी वायरमनकडून करून घ्या, पण त्याला हे नीट सांगा: तीनपैकी एक बल्ब साध्या स्विचवर, दोन थर्मोस्टॅटवर. थर्मोस्टॅट बंद पडला तरी एक बल्ब चालू राहतो. कडक उन्हाळ्यात दिवसा तो एकटाही जास्त होतो, तेव्हा स्विचने बंद करता येतो.

एसटीसी-१००० मध्ये हमखास होणारी चूक अशी. हीटिंग लिहिलेल्या दोन टोकांतून आपोआप वीज येते असं समजून बल्ब थेट तिथे जोडतात आणि यंत्र बिघडलं म्हणून दुकानात परत नेतात. ती टोकं नुसत्या स्विचची आहेत. एका टोकाला फेज द्यायची, दुसऱ्या टोकातून ती बल्बांकडे न्यायची, न्यूट्रल बल्बांना सरळ द्यायची. कूलिंगची टोकं मोकळी राहतात. याच यंत्राचं १२ व्होल्टचं भावंडही बाजारात असतं, म्हणून विकत घेताना मागचं लेबल वाचा.

पत्र्याच्या छत्रीला अर्थिंग हवंच. सगळे जोड झाकणाच्या डब्यात घ्या. नुसती टेप इथल्या हवेत सुटते. खाऱ्या हवेने होल्डरच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, मग संपर्क सैल होऊन ठिणग्या पडतात. प्रत्येक नव्या तुकडीआधी वीज बंद करून पिना बारीक पॉलिश पेपरने घासा आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा.

सेन्सर कुठे लावायचा यावर सगळं अवलंबून आहे. छत्रीच्या कडेच्या बरोबर खाली, तुसापासून २ इंच वर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीला. थेट बल्बखाली लावला तर तो लवकर तापून बल्ब बंद करतो आणि कडेची पिल्लं गारठतात. मोकळा सोडला तर पिल्लं त्याला अंग घासून बसतात, त्यांच्याच उबेने आकडा चढतो आणि पहाटे बल्ब लागतच नाहीत. भोकं पाडलेल्या पाइपच्या बोटभर तुकड्यात तो घालून एका खुंटीला पक्का बांधा. खुंटी हललेली नाही ना, हे रोज पाहावं लागतं. सेन्सर कड्याबाहेर पडला तर बल्ब बंदच होणार नाहीत.

सेटिंग: तापमान ३५, फरक १. बल्ब ३४ ला लागतील, ३५ ला बंद होतील.

तपासणी: पेल्यात कोमट पाणी घ्या. त्यात सेन्सर आणि घरचा तापाचा डिजिटल थर्मामीटर एकत्र बुडवा. ३६ ते ३८ अंशांच्या दरम्यान दोघांचे आकडे जुळले पाहिजेत. एका अंशाहून जास्त फरक असेल तर यंत्रातच तेवढी दुरुस्ती करून घ्या.

टप्पा ६: झाकण

जाळीच्या दोन चौकटी कड्यावर शेजारी-शेजारी ठेवा, साखळी आणि वायर मधल्या फटीतून जाऊ द्या. फट अर्ध्या इंचाहून मोठी नको. उंदीर, घूस, मुंगूस, मांजर, उदमांजर, धामण या सगळ्यांना पिल्लांचा सुगावा लागतो. कोंबड्यांची षटकोनी जाळी इथे कामाची नाही, तिच्यातून उंदीर सहज शिरतो. कडं जिथे जमिनीला टेकतं तिथे बाहेरून विटा लावून फटी बंद करा.

वारा अडवायचा असेल तर कड्यापासून फूटभर अंतरावर, फक्त झोताच्या बाजूने गोणपाट टांगा. कड्याचा वरचा भाग झाकायचा झाला तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको, आणि तोही पिल्लं लहान असताना रात्रीच. छत्रीच्या डोक्यावर कापड कधीच येऊ देऊ नका.

लाल मुंग्या लागल्या तर कड्याबाहेर कोरड्या राखेचा पट्टा ओढा आणि सांडलेलं खाद्य रोज उचला. कीटकनाशकाची भुकटी पिल्लांजवळ वापरू नका.

टप्पा ७: पिल्लांशिवाय पूर्ण एक दिवस

तूस पसरून, पाण्याची भांडी भरून, सगळं चालू करा. एक थर्मामीटर छत्रीच्या कडेला, दुसरा कड्याच्या पत्र्याजवळ. दुपारी २ आणि पहाटे ५ ला दोन्ही वाचा.

पहाटे छत्रीच्या कडेला ३४-३५ आणि कड्याच्या पत्र्याजवळ २६ ते ३० मिळालं तर काम झालं. पहाटे तीनही बल्ब सतत चालू राहूनही ३४ गाठत नसेल तर छत्री २ इंच खाली घ्या आणि झोत पुन्हा तपासा. दुपारी बल्ब बंद असताना कड्याच्या पत्र्याजवळही ३४ च्या वर जात असेल तर जागाच चुकली आहे, छपराचा पत्रा तापत असणार. वर झावळ्या घाला किंवा जागा बदला.

कड्यातली गार बाजू वाया गेलेली जागा नाही. आपल्याला किती ऊब हवी हे पिल्लू स्वतः ठरवतं, आपण त्याला दोन्ही टोकं द्यायची असतात.

याच दिवशी मेन स्विच बंद करून पुढचा टप्पाही करून बघा.

टप्पा ८: लाइट जाईल तेव्हा

जून ते सप्टेंबर लाइट जाणार हे धरूनच चाला. १५० अँपिअर-अवरची चांगल्या स्थितीतली बॅटरी १८० वॅट पाच-सहा तास ओढते, थर्मोस्टॅटमुळे थोडं अधिक. इन्व्हर्टर नसेल तर स्टीलच्या दोन कळशा कढत पाण्याने भरा, झाकण घट्ट बांधा, गोणपाटाचे दोन वेढे द्या आणि छत्रीच्या जागी ठेवा. बाहेरून हात लावल्यावर सोसेल इतकीच ऊब लागली पाहिजे. पिल्लं कळशीला चिकटून बसतात. दर दोन तासांनी एकेक कळशी आळीपाळीने बदला, दोन्ही एकदम नको. कडं आवळून लहान करा.

इशारा: घमेल्यात करवंट्यांचे निखारे घालून बंद खोलीत ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पिल्लंच काय, राखणीला झोपलेलं माणूसही त्यात जातं.

टप्पा ९: पिल्लं सोडणं

पिल्लं सकाळी आणा, म्हणजे रात्र पडण्याआधी त्यांचं वागणं बघता येतं. ब्रूडर आदल्या संध्याकाळपासून चालू हवा, तूसही तापलेलं हवं. तुसावर पहिले दोन-तीन दिवस खरबरीत कागदाचे किंवा पन्हळी पुठ्ठ्याचे थर घाला. गुळगुळीत छापील कागदावर पाय घसरतात, फाकतात, आणि फाकलेले पाय सहसा आपोआप सरळ होत नाहीत.

आधी पाणी, मग खाद्य. लांबून आलेल्या पिल्लांना पहिले तीन-चार तास कोमट पाण्यात गूळ द्यायला हरकत नाही, लिटरला साधारण ५० ग्रॅम. उरलेलं पाणी ओतून टाका, दमट हवेत ते लगेच आंबतं. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून मगच खाली सोडा. तासाभराने कागदावर मक्याचा बारीक भरडा, त्यानंतर चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य).

पाण्याची भांडी छत्रीखाली नकोत. विटेवर जाळीचा तुकडा ठेवून त्यावर भांडं मांडा, म्हणजे सांडलेलं पाणी तुसात जाणार नाही. पहिल्या आठवड्यात पाण्याच्या कडेत लहान खडे टाका, पिल्लं बुडत नाहीत.

तपासणी: रात्री झोपण्याआधी आठ-दहा पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपा. मऊ, भरलेली लागली पाहिजे. रिकामी असेल तर त्या पिल्लाला पाणी-खाद्य सापडलेलं नाही. पायही बघा. पाय गार लागले तर थर्मामीटर काहीही सांगो, पिल्लू गारठलेलं आहे.

टप्पा १०: रोजचं काम आणि ऊब कमी करणं

थर्मोस्टॅटचा आकडा रोज साधारण अर्ध्या अंशाने खाली आणा: पहिल्या आठवड्याच्या शेवटी ३२, दुसऱ्याच्या शेवटी २९, तिसऱ्याच्या शेवटी २६. त्याचबरोबर दर चार दिवसांनी छत्री २ इंच वर घ्या. लस दिलेल्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस आकडा आहे तिथेच ठेवा.

आकड्यापेक्षा पिल्लांचं ऐका. सगळी छत्रीखाली गोळा होऊन मोठ्याने चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे. छत्रीपासून लांब, पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून बसली तर उष्मा. इथे दमटपणामुळे उष्मा आकड्यापेक्षा जास्त भासतो, एप्रिल-मेमध्ये ३३ लाही पिल्लं धापा टाकतात. सगळी एकाच बाजूला सरकली तर समोरून झोत येतो आहे. सगळीकडे पांगून, काही खात, काही लोळत, बारीक आवाज करत असतील तर काही बदलू नका. हे बघायची खरी वेळ पहाटे ३ ते ५, दुपारी सगळंच ठीक दिसतं.

तूस रोज सकाळी हाताने खालीवर करा. भांड्यांभोवतीचे गठ्ठे काढून तिथे कोरडं तूस टाका. मूठभर तूस दाबून सोडा: विखुरलं तर ठीक, लाडू वळला तर बदला. मग गुडघ्यावर बसून पिल्लांच्या उंचीला नाक न्या. उभ्याने वास येत नाही, खाली डोळे चुरचुरतात. चुरचुरले तर आधी ओलं तूस काढा, मग वारा वाढवा. ओल्या तुसातच तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण लागते. विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी विष्ठेचा नमुना घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. हा आजार झपाट्याने पसरतो.

खाद्याची गोण जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. फळीवर ठेवा आणि पंधरवड्याला पुरेल एवढंच आणा.

उन्हाळ्यात दुसऱ्या आठवड्यापासून दिवसा बल्ब लागत नाहीत. इतर वेळी तिसऱ्या आठवड्यात आधी दुपारची, मग पूर्ण दिवसाची ऊब बंद करा. रात्रीची चौथ्या आठवड्याच्या शेवटी, पावसाळ्यात पाचव्या. तारीख गाठली तरी आधी पिल्लाच्या पाठीवर फुंकर मारून बघा. पिसांखाली उघडी कातडी दिसली तर आणखी तीन-चार रात्री एक बल्ब चालू ठेवा.